नऊ खोल्यांचं जुनं लॉज: आधी पाणी, गादी आणि फोनवरचं खरं बोलणं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ सासऱ्यांचं नऊ खोल्यांचं लॉज आहे. खाली दुकानं, वर दोन मजले, लाकडी जिना, लिफ्ट नाही. चार खोल्यांना आतच संडास-बाथरूम, उरलेल्या पाचांना मिळून बाहेर दोन. वीस वीस वर्षं येणारी कुटुंबं अजूनही येतात. ऑनलाइन बुकिंग करून येणारे नवे पाहुणे मात्र नाराज होऊन जातात आणि ‘फोटो वेगळा, खोली वेगळी’, ‘गरम पाणी नाही’, ‘मालक तुसडे’, ‘साडेदहाला दार बंद’ असं लिहून ठेवतात. हाताशी आठ लाख आहेत. यजमानांना एसी, नवी लॉबी आणि नावात ‘हेरिटेज’ हवंय, सासरे कशालाच तयार नाहीत. आणि तुम्ही विचारताय, पाहुण्याला नेमकं हवं तरी काय असतं?

मी नाशिकला पंचवटीत अकरा खोल्यांचं लॉज चालवते. १९९७ साली सासूबाईंच्या हाताखाली गल्ल्यावर बसायला लागले. २००३ आणि २०१५ असे दोन सिंहस्थ तिथेच काढले. तुमच्या घरात आज जो वाद चाललाय तो आमच्या घरात तीन वर्षं चालला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली असावी. जुने पाहुणे आणि नवे पाहुणे त्याच खोलीत उतरतात, त्याच गादीवर झोपतात. एकजण दरवर्षी परत येतो आणि दुसरा चिडून जातो. म्हणजे दोष निव्वळ खोलीत नाही. जुन्या पाहुण्याला ठाऊक असतं की जिना चढायचाय, पहाटे लवकर उठलं तर गरम पाणी मिळतं, सात नंबरच्या खिडकीतून रस्त्याचा आवाज येतो. तो तयारीनं येतो. नव्याला हे सगळं बॅगा घेऊन वर चढल्यावर कळतं, आणि तोवर पैसे भरून झालेले असतात.

मला हे एका बाईंनी शिकवलं. आम्ही तेव्हा नुकतेच फोटोग्राफर बोलावून फोटो काढून घेतले होते. त्याच्या लेन्समधून दहा बाय बाराची खोली हॉलसारखी दिसायची. विदर्भातलं एक निवृत्त शिक्षक जोडपं ते फोटो बघून आलं. आमच्या जिन्याला सव्वीस पायऱ्या आहेत. बाई कठडा धरून एकेक पायरी चढल्या, वरच्या बाकावर बसल्या, गुडघा चोळत राहिल्या. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं तर आम्ही आलो नसतो असं नाही हो. काठी बरोबर आणली असती.” आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. त्या आठवड्यात मी सगळे फोटो काढून टाकले आणि माझ्याच फोनवर नवे काढले. दिवसाउजेडी, दारात उभं राहून दिसते तशी खोली, जिना खालून वर, आणि संडास-बाथरूम सुद्धा. फोटोखाली लिहिलं, ‘२६ पायऱ्या, लिफ्ट नाही’.

तेव्हापासून बुकिंग कुठूनही आलं तरी मी पाहुण्याला स्वतः फोन करते. पायऱ्या किती, कुठल्या खोलीला आवाज आहे, गरम पाण्याची काय व्यवस्था आहे, रात्री दाराचं काय, करासह एकूण भाडं किती, एवढं सांगते. काहीजण तिथेच नको म्हणतात. त्यांना मी दुसऱ्या एखाद्या लिफ्टवाल्या हॉटेलचं नाव सुचवते. जे हो म्हणतात ते वर आल्यावर तक्रार करत नाहीत. हा फोन दोन-तीन मिनिटांचा असतो, आणि आठ लाखांतला एक रुपयाही त्याला लागत नाही.

त्याच फोनवर मी आणखी दोन प्रश्न विचारते: कशासाठी येताय, आणि किती वाजता पोचाल? मोठ्या हॉटेलला हे विचारून काही उपयोग नसतो. आपल्याला असतो, कारण नऊ-अकरा खोल्यांतलं प्रत्येक माणूस आपल्या लक्षात राहतं.

आमच्याकडे रामकुंडावर अस्थिविसर्जनाला येणारे पुष्कळ. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला वगैरे टांगून ठेवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मग लॉजवर उतरलेल्या माणसानं तो कलश कुठे ठेवायचा? सासूबाईंनी मागच्या परसात पारिजातकाच्या खोडाशी एक लोखंडी आकडा पक्का बसवून घेतला होता आणि वर पत्र्याचा छोटा आडोसा केला होता. मी नवीन असताना नांदेडकडचे दोन भाऊ पहाटे चारला आले. धाकट्याच्या हातात लाल फडक्यात बांधलेला कलश. तो दारातच उभा, आत यावं की नाही ते त्याला कळेना. सासूबाई काही न विचारता कंदील घेऊन पुढे झाल्या, त्याला परसात नेलं, आकडा दाखवला आणि म्हणाल्या, “इथे ठेवा. मी जागीच आहे.” मग रजिस्टर, ओळखपत्र, पैसे सगळं सकाळी. ते भाऊ आजही नाशिकला आले की आमच्याकडेच उतरतात. खोल्या अजूनही दहा बाय बाराच्याच आहेत.

तुमच्या कोल्हापूरचे पाहुणे वेगळ्या कामाला येतात, पण त्यांचंही घड्याळ ठरलेलं असतं. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी पोचते. रात्रभर प्रवास केलेलं कुटुंब आठ-साडेआठला बॅगांसह तुमच्या दारात, आणि खोली रिकामी होणार बाराला. त्यांना खोली लगेच नको असते. आंघोळ करून, कपडे बदलून अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असतं आणि तोवर बॅगा कुठेतरी सुरक्षित ठेवायच्या असतात. बाहेरच्या दोन बाथरूमपैकी एक सकाळी सात ते दहा अशा पाहुण्यांसाठी मोकळं ठेवा, गल्ल्यामागे कुलूपबंद कपाट करा. तुमच्या नाराज लोकांतले निम्मे इथेच शांत होतील असं मला वाटतं.

मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात ते किरणोत्सवाचे दिवस नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस. तेव्हा लोक मावळतीच्या आधीच देवळात जाऊन बसतात, म्हणजे दुपारनंतर तुमच्या खोल्या रिकाम्या आणि रात्री सगळे एकदम भुकेले परत. आकाश ढगाळ असलं की किरणं पोचत नाहीत, हे बाहेरगावच्या माणसाला माहीत नसतं. फोनवरच सांगून ठेवा. शुक्रवारची पालखी बघून येणाऱ्याला साडेदहाचं दार कसं परवडणार? चैत्रात जोतिबाला जाणाऱ्यांच्या निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळा आणखीनच वेगळ्या. दार बंद करण्याला माझा विरोध नाही. बायकामुलांच्या लॉजला रात्री दार बंद हवंच. फक्त कडी लावणाऱ्याला कोण बाहेर आहे ते ठाऊक हवं आणि बाहेर गेलेल्याकडे उठवायचा नंबर हवा. आम्ही संध्याकाळी पाटीवर खोली नंबर आणि येण्याची वेळ खडूनं लिहितो.

चोवीस तासांच्या हिशेबाचंही इथेच सांगते. जुन्या लॉजांत पाहुणा ज्या वेळी आला तिथपासून चोवीस तास धरायची पद्धत होती, आणि देवाला येणाऱ्याला ती फार सोयीची. पण ऑनलाइन बुकिंग बाराच्या ठोक्यावर चालतं. आधी न सांगता दोन्ही पद्धती एकाच वेळी चालवल्या तर नऊ खोल्यांत दुपारी भांडणं होतात. मी फोनवरून थेट बुकिंग करणाऱ्याला चोवीस तास देते, ऑनलाइनवाल्याला बाराची वेळ, आणि दोघांनाही आधी सांगते. तुमच्याकडे जमेल का, ते खोल्या किती भरलेल्या असतात त्यावर अवलंबून. नवरात्रात तर अजिबात जमणार नाही.

आता पाणी. ‘गरम पाणी नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा गिझर बिघडल्याची नसते. हिशेब करून बघा. पंधरा लिटरचा गिझर साठ अंशांना तापला आणि त्यात साधं पाणी मिसळलं, तर आंघोळीजोगं पाणी होतं साधारण पस्तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. दोन किलोवॅटच्या गिझरला पुन्हा तापायला अठरा-वीस मिनिटं लागतात. खोलीत माणसं चार. पहिले दोघं मजेत आंघोळ करतात, तिसऱ्याच्या अंगावर गार पाणी येतं, आणि सगळ्यांना काकड आरती गाठायची असते. पंचवीस लिटरचा गिझर लावला तर त्याच तपमानाला तीन बादल्या निघतात. चौघांच्या खोलीत तोच हवा. बाथरूमच्या दारावर आतून चिठ्ठी लावा, ‘दोन बादल्यांनंतर वीस मिनिटं थांबा’. ही चिठ्ठी लावल्यावर आमच्याकडची निम्मी ओरड थांबली होती, मोठे गिझर तर आम्ही नंतर घेतले.

गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये लावू नका, कोणी कितीही स्वस्त देवो. हवा खेळती नसली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आत आंघोळ करणारा माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. यात कुठलीही तडजोड नाही.

आणि एसीच्या आधी वायरिंग. तुमच्या वाड्याची वायरिंग किती जुनी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं बरंचसं उत्तर त्यावर अवलंबून आहे. दीड टनाचा एसी आणि दोन किलोवॅटचा गिझर एका खोलीत एका वेळी चालले तर साडेतीन किलोवॅट. अशा चार खोल्या धरा. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरींना हे झेपणार नाही, आणि लाकडी जिन्याच्या इमारतीत आग लागली तर वरच्या मजल्यावरची माणसं उतरणार कुठून? आधी चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण तपासणी, नीट अर्थिंग, आणि करंट गळाला की आपोआप तुटणारा ब्रेकर. इलेक्ट्रिशियन त्याला आरसीसीबी म्हणतात, बाथरूमच्या लाइनवर तो हवाच. यात दीड-दोन लाख गेले तरी जाऊ द्या. पाहुण्याला ते दिसणार नाहीत, पण तो त्यांच्याच भरवशावर झोपणार आहे. त्यानंतर पैसे उरले तर दोन खोल्यांना एसी लावून बघा, एक उन्हाळा जाऊ द्या, मग ठरवा. कोल्हापुरात वर्षाचे किती महिने लोक खरंच एसी मागतात, ते सासऱ्यांचं जुनं रजिस्टर आणि तुमचे फोन मिळून सांगतील.

गादीबद्दल जरा लांबवर बोलते, कारण यात मी मोठी चूक करून बसले आहे.

आमच्याकडे कापसाच्या गाद्या. दर वर्षी दिवाळीनंतर पिंजाऱ्याला बोलावून कापूस पिंजून घ्यायचा, खोळी नव्या शिवायच्या, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गच्चीवर ऊन द्यायचं. एका वर्षी घरात आजारपण होतं, ते राहून गेलं. पावसाळ्यात खानदेशातलं एक कुटुंब पाच नंबरला उतरलं. रात्री दोनला दार वाजलं. बाहेर आई उभी होती, कडेवर मुलगी, मुलीच्या दंडावर ओळीनं लाल गांधी. मी आत जाऊन गादीची शिवण उलटली, बॅटरी मारली. शिवणीत काळे ठिपके आणि दोन ढेकूण. मी त्यांना आमच्या घरातल्या खोलीत झोपवलं, सकाळी पूर्ण भाडं परत दिलं आणि त्यांचे सगळे कपडे गरम पाण्यात धुऊन, कडक इस्त्रीनं तापवून दिले, नाहीतर ते ढेकूण त्यांच्या घरी गेले असते. त्या बाई जाताना म्हणाल्या, “पोरीला रात्रभर वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं.” ते वाक्य मला आजही आठवतं.

त्यानंतर शिकले ते असं. ढेकूण एका खोलीत सापडला की शेजारच्या दोन्ही खोल्या आणि वरची-खालची खोलीही तपासायची. एकदा फवारून भागत नाही, कारण अंडी राहतात. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा फवारणी, आणि तोवर खोली बंद. ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने जगतो, त्यामुळे खोली नुसती रिकामी ठेवून काही होत नाही. लाकडी पलंगाच्या सांध्यांतल्या फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवायच्या. आता आमच्या मावशी प्रत्येक चादर बदलताना गादीचे चार कोपरे उलटून बघतात. पुढच्या पाहुण्याचं सामान आत जाण्याआधी हे झालं पाहिजे, एवढाच माझा हट्ट.

चादरींचा हिशेब: पलंगामागे तीन जोड. एक पलंगावर, एक धोब्याकडे, एक कपाटात. कोल्हापुरात पाऊस धो धो पडतो, तेव्हा तुम्ही चार धरा. शक्यतो पांढऱ्या किंवा अगदी फिक्या घ्या. रंगीत चादर डाग लपवते, म्हणून मालकाला आवडते, आणि पाहुण्याला नेमका त्याचाच संशय येतो. पांघरायला मात्र सोलापुरी चादर द्या. धुतलेली, उन्हात वाळलेली सोलापुरी चादर अंगावर घेतली की माणसाला आजोळ आठवतं. आमच्या कित्येक पाहुण्यांनी ती कुठून घेतली हे विचारलंय.

बाहेरची दोन संडास-बाथरूम ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. फक्त ती कोरडी हवीत. दर दोन तासांनी कोणीतरी लाद्यांवरून वायपर फिरवायचा. आत कपडे टांगायला तीन खुंट्या, साबण ठेवायला फळी, आतून घट्ट बसणारी कडी, आणि रात्रभर पॅसेजमध्ये दिवा. एकट्या बाईला रात्री एक वाजता अंधाऱ्या पॅसेजमधून जावं लागलं, तर ती तुमच्याकडे पुन्हा येणार नाही. आणि का येत नाही, हेही ती तुम्हाला सांगणार नाही.

‘मालक तुसडे’ याबद्दल लिहिताना मला सासऱ्यांची बाजू आधी मांडावीशी वाटते. त्यांची पिढी रजिस्टर, ओळखपत्र, गाव, येण्याचं कारण हे सगळं पोलिसांच्या धाकानं विचारत आली. नियम आजही आहेतच. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. पण प्रवासानं थकलेल्या माणसाला “आधार काढा” हे पहिलं वाक्य नको. आधी बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, मग कशासाठी हवंय ते सांगून कागद मागायचा. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतात अशी प्रत कोणी दिली तर ती घ्या. अविवाहित जोडप्यांचंही एकदा घरात बसून ठरवा. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहणं बेकायदा ठरवणारा कुठलाही कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलंय. मी त्यांना खोली देते. तुमच्या घरच्यांना पटत नसेल तर निदान बुकिंगच्या वेळी सांगा. रात्री दहाला दारातून परत पाठवू नका.

सासऱ्यांना गल्ल्यावरून उठवू नका, ही माझी कळकळीची विनंती. वीस वर्षं येणारी कुटुंबं त्यांच्याचसाठी येतात. चेक-इनचं काम तुम्ही घ्या, आणि संध्याकाळी त्यांना पॅसेजमधल्या बाकावर बसू द्या. कुठल्या गल्लीत तांबडा-पांढरा चांगला मिळतो, रंकाळ्यावर कधी जावं, देवळात गर्दी कधी कमी असते, हे त्यांच्याइतकं तुम्हाला सांगता येणार नाही.

‘हेरिटेज’ नावाचं काय करायचं? पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाउस १९३५ सालचं. नाटक-सिनेमातली माणसं तिथे उतरत म्हणून त्याचं नाव झालं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. या जागा तिथे कोण राहिलं आणि त्यांना कसं ठेवून घेतलं यामुळे लोकांच्या लक्षात राहिल्या, पाटीवरच्या ‘हेरिटेज’सारख्या शब्दामुळे नव्हे. तुमच्या सासऱ्यांनी ठेवलेलं जुनं नाव लोकांच्या तोंडी आहे, तेच राहू द्या. नवी लॉबी केलीत तर नवा पाहुणा वरची खोलीही तशीच असेल असं धरून जिना चढेल, आणि तुमची तक्रार जिथून सुरू झाली तिथेच परत येईल.

तेव्हा पैशांचा क्रम मी असा लावेन: वायरिंग, मग गिझर आणि नळ, मग गाद्या-चादरी, मग बाहेरची बाथरूम, आणि उरलं तर एसी. इमारतीची मालकी, तुळयांची अवस्था, दुकानदारांशी असलेले करार यांवर हा क्रम बदलू शकतो. तुळई वाळवीनं पोखरलेली निघाली तर बाकी सगळं थांबवून आधी तीच.

कंत्राटदाराला बोलवण्याआधी एक करा. आठवड्यात ज्या रात्री खोल्या रिकाम्या असतील त्या रात्री तुम्ही, यजमान आणि मुलं तुमच्याच सात नंबरमध्ये पाहुण्यासारखे उतरा. बॅगा घेऊन खालून चढा. रात्री दिवा घालवून पडून राहा आणि कुठल्या कडीचा, कुठल्या पलंगाचा, कुठल्या नळाचा आवाज येतो ते ऐका. पहाटे साडेचारला उठून चौघांच्या आंघोळी त्या एकाच गिझरवर करा आणि आरतीला पोचता का बघा. जे जे खटकेल ते वहीत लिहा, ती वही सासऱ्यांसमोर ठेवा, आणि मग मला सांगा काय निघालं.